कुणाला कळणार नाही इतकंच

५ नोव्हेंबर, रविवार

ही डायरी रंगाच्या कंपनीची आहे. गेल्या वर्षीची उरलेली, म्हणून मालकांनी दुकानात फुकट वाटली. वार चुकीचे छापलेले होते. मी आज बसून पुढच्या तीन महिन्यांचे वार पेनने दुरुस्त केले. शाळा नववीतच सुटली, पण शुद्धलेखन माझं कधी चुकलं नाही, आणि चुकीच्या वाराखाली लिहिणं मला जमणार नाही.

लिहायचं कारण काल घडलं. शटर ओढताना मालक म्हणाले, "वर्ष संपलं की यंत्र येणार. गिऱ्हाइकाने कापडाचा तुकडा आणायचा, यंत्राने बघायचा आणि रंग मिसळून द्यायचा." मग माझ्याकडे आणि मिस्त्रीकाकांकडे बघून म्हणाले, "तुमचं बघू कसं काय ते." त्या 'बघू'ने माझी झोप उडाली. मिस्त्रीकाकांनी मला हे रंग मिसळायचं काम शिकवलं. त्यांचे डोळे आता गेल्यात जमा आहेत, त्यामुळे त्यांना कशाचं काही नाही. म्हणाले, "यंत्राला चहा पाजावा लागत नाही, एवढंच त्याचं चांगलं."

घरी सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. हिच्या लहानपणी हिच्या वडिलांचा धंदा बुडाला आणि घरातली भांडी एकेक करून विकली गेली. हिची आई उरलेली भांडी फळीवर लांब लांब मांडायची, म्हणजे फळी भरलेली दिसायची. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात हिने मला हे सांगितलं होतं. म्हणाली, "भांडी गेली त्याचं काही नाही हो. पण मी विचारलं की आई म्हणायची, कुठे काय कमी झालंय? तुला भास होतोय. मला वाटायचं, मलाच वेड लागलंय."

तसे दिवस हिला पुन्हा दाखवायचे नाहीत, असं मी ठरवलं आहे. नोकरी गेली तर हातात काहीतरी हवं, म्हणून आत्तापासून खर्च कमी करायचा. पण घरातल्या कुणाच्या राहणीत तसूभर फरक पडता कामा नये. थोडं थोडं करायचं. कुणाला कळणार नाही इतकंच.

७ नोव्हेंबर, मंगळवार

मिस्त्रीकाकांना विचारलं, माणसाच्या नजरेला कळत नाही असा फरक केवढा?

"बादलीला अर्धा थेंब," ते म्हणाले. "पांढऱ्यात अर्धा अर्धा थेंब काळा घालत जा आणि गिऱ्हाइकाला समोर बसवून ठेव. दिवस मावळेपर्यंत राखाडी झालेला असेल, आणि ते म्हणेल, वा, काय पांढरा आहे!"

मग ते नेहमी सांगतात ते दोन नियम पुन्हा सांगितले. एक, मूळ नमुना झाकून जवळ ठेवायचा आणि मधून मधून उघडून बघायचा, कारण मिसळणाऱ्याचा डोळा रंगाबरोबर चालत जातो. दोन, दिव्याच्या उजेडात रंग जुळवायचा नाही. "दिवा खोटारडा असतो. दिवसा ज्या सवती, त्या दिव्याखाली सख्ख्या बहिणी."

हे मला पाठ आहे. मला फक्त अर्धा थेंब हवा होता.

११ नोव्हेंबर, शनिवार

बाहेरच्या खोलीतला बल्ब बदलला. मोठा काढून त्याच्या खालचा लावला. काच दोन्हीची सारखीच दिसते. ही स्वयंपाकघरात होती.

जेवताना ही वर बघून म्हणाली, "उजेड कमी झालाय का हो?"

"नाही तर."

"मग माझेच डोळे," ही म्हणाली आणि टिंगीच्या ताटातला भात कालवायला लागली. टिंगी आमची मुलगी. पुढच्या वर्षी शाळेत घालायची आहे.

जमलं.

१५ नोव्हेंबर, बुधवार

साखरेच्या डब्यातला चमचा बदलला. दांडा तसाच, वाटी किंचित उथळ. भांड्यांच्या दुकानात अर्धा तास शोधत होतो. दुकानदार म्हणाला, "सोनं मोजायचंय का, राव?" अंगाचे साबण आधी उन्हात वाळवून मग वापरायला काढायचे, म्हणजे कमी झिजतात. आणि सकाळी दूध मीच आणतो, तर येतानाच नळाखाली एक पळी पाणी. आज एकच. पुढच्या आठवड्यात दीड.

टिंगी दूध पिऊन म्हणाली, "आणखी." म्हणजे तिला आवडलं.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज जे सुचलं त्याचा मला जरा अभिमान वाटतो. दिवा, पंखा, रेडिओ, हे सगळं संध्याकाळी चालू असतं. संध्याकाळ लहान केली की खर्च आपोआप लहान होणार. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा मी घरी आल्यावर, ही आत असताना, थोडा पुढे सरकवतो. जेवणं लवकर होतात, घर लवकर निजतं. सकाळी हिच्या आधी उठून काटा परत जागेवर आणतो. सुरुवात अगदी थोड्यापासून केली आहे. रोज किंचित वाढवत नेणार.

यात कुणाचं काय गेलं? झोप जास्त मिळते, ती वेगळीच.

२८ नोव्हेंबर, मंगळवार

अंथरुणं घालून झाल्यावर कारखान्याचा रात्रीचा भोंगा झाला. ही उठून बसली. घड्याळाकडे बघितलं.

"भोंगा हल्ली उशिरा होतो."

"पाळीची वेळ बदलली असेल," मी म्हणालो.

"संध्याकाळ हल्ली जाते तरी कुठे, कळतच नाही. रेडिओ लावावा म्हटलं तर झोपायची वेळ. दिवसभर तर सगळं नेहमीसारखं असतं. तुम्हाला नाही वाटत तसं?"

"नाही बुवा."

ही पुन्हा घड्याळाकडे बघायला लागली. मी डोळे मिटून घेतले.

३ डिसेंबर, रविवार

बल्ब आणखी एक पायरी खाली आणला. आता भिंतीवर सावल्या नीट पडत नाहीत. ही समोरून गेली तरी भिंतीवर काही हलत नाही. हे मला सुचलं नव्हतं, पण सावलीचा काही उपयोगही नसतो.

आमच्या या खोलीचा रंग लिंबाच्या सालीचा आहे. लग्नाआधी हिला विचारून मीच मिसळला होता. हिने तीन वेळा नापास केला, चौथ्यांदा टाळी वाजवली. आज त्या भिंतीशी उभी राहून आरशात बघत ही म्हणाली, "मी फिकी पडले का हो?"

मी नीट निरखून बघितलं. मला तर कालच्यासारखीच दिसली.

५ डिसेंबर, मंगळवार

ही मला न विचारता डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आली. फी दिली. एवढ्या पैशांत महिन्याची साखर आली असती. मनाला लागलं.

"डॉक्टर म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत," ही म्हणाली. माझ्या समोर बसली, अगदी गुडघ्याला गुडघा लावून. "मग मला सांगा. दूध पातळ लागतं. चहा अगोड लागतो. दिवे मंद वाटतात. संध्याकाळ मधेच तुटते. घरात काही कमी झालंय का? काय असेल ते सांगा, मी ऐकून घेईन."

खरं सांगायचं तर माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण हिच्या वडिलांना मी शब्द दिला आहे, हिला काही कमी पडू देणार नाही म्हणून. आणि यंत्र अजून आलेलंही नाही. आधीच कशाला हिच्या जिवाला घोर?

मी म्हणालो, "कुठे काय कमी झालंय? दमतेस तू. भास होतो मग असा."

हिने माझ्याकडे बघितलं. किती वेळ ते सांगता येणार नाही, कारण घड्याळ बरोबर नव्हतं. मग म्हणाली, "हं."

मोठं संकट टळलं.

१० डिसेंबर, रविवार

हिने घर काय सुंदर आवरलं आहे! फळीवरची भांडी आता एकमेकांना खेटून नाहीत, ऐसपैस मांडली आहेत. दोन भांड्यांमध्ये हात जाईल एवढी जागा. कपाटातल्या साड्यांच्या घड्याही रुंद घातल्या आहेत, कप्पा भरलेला दिसतो. मी कौतुक केलं. ही म्हणाली, "दिसलं का तुम्हाला?"

"दिसलं म्हणजे काय! फार छान."

"हं."

हल्ली ही एवढंच बोलते. घर शांत असलं की मलाही बरं वाटतं.

१४ डिसेंबर, गुरुवार

ही अलीकडे पुलापलीकडे मावशीकडे जाते. ही मावशी हिची सख्खी, एकटीच असते, जीभ मात्र दोन माणसांची. जाताना हिच्या हातात भरलेली पिशवी असते. काय आहे म्हटलं तर, "जुनंपानं." येताना पिशवी रिकामी. म्हणजे रस्त्यात काही खरेदी नाही, हे चांगलंच आहे.

१९ डिसेंबर, मंगळवार

एक गोष्ट नीट लागत नाही. गॅसची टाकी संपायला हवी होती, संपली नाही. अंगाच्या साबणाची वडी तशीच कोरडी. खोबरेल तेलाची बाटली मी बघतो आहे तेव्हापासून त्याच रेघेवर आहे. मी जेवढं वाचवायचं ठरवलं होतं, त्याच्याहून कितीतरी जास्त वाचतं आहे. मी न केलेली काटकसरही होते आहे.

जणू घरात माझ्याशिवाय आणखी कुणीतरी अर्धा अर्धा थेंब काढून घेत आहे.

लिहून खोडणार होतो, पण वाक्य शुद्ध आहे, राहू दे. वाचतंय तर वाचू दे. लक्ष्मी दारात आली की तिला नाव-गाव विचारू नये.

२७ डिसेंबर, बुधवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

घरी आलो. काटा पुढे केला. मागच्या नळावर हातपाय धुताना स्वयंपाकघरातल्या हिच्याशी बोलत होतो. आज एक म्हातारी बाई पोपटाचं पीस घेऊन आली होती, तिला तसाच दरवाजा हवा होता. मी म्हटलं, आजी, पीस ओलं करून बघू का, वाळल्यावर रंग वेगळा दिसतो. ती म्हणाली, ओलं कर, कोरडं कर, पण उडू देऊ नकोस. हे सांगून मी हसलो. आतून "हं" आलं.

मग मी विचारलं, टिंगी झोपली का? "हं" आलं.

आत गेलो तर स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. ताट झाकलेलं. शेगडीला हात लावून बघितला, गार होती. मी जेवून घेतलं. भोंगा होऊन गेल्यावर पुढच्या दाराने ही आली. पायात चपला, खांद्यावर झोपलेली टिंगी.

"तू मघाशी कुठे होतीस?"

"मावशीकडे. दुपारीच गेले होते."

नळाच्या पाइपातून कधी कधी तसा आवाज येतो. जुना पाइप आहे.

२ जानेवारी, मंगळवार

टिंगी चार दिवस मावशीकडे राहते आहे. तिथे अंगण आहे, खेळायला मुलं आहेत. तिच्या चपला, तिची उशी, ती पाय तुटलेली बाहुली, सगळं तिकडे गेलं आहे. आता दूध निम्मंच आणतो. निम्म्यात पाणी किती घालायचं, ते नव्याने ठरवावं लागलं.

५ जानेवारी, शुक्रवार

मावशी दुकानात आली. खिडकीसाठी पांढऱ्या रंगाचा छोटा डबा हवा होता. मी डबा हलवत असताना म्हणाली, "काय जावईबापू, तुमच्या घरात उंदीर झालेत का?"

"नाही हो. का?"

"वस्तू जातात म्हणे एकेक."

"आमच्याकडचं काही जात नाही," मी म्हणालो.

तिने मिस्त्रीकाकांकडे बघून मान हलवली. "तीही अगदी हेच म्हणते. त्यांच्याकडचं काही जात नाही."

पैसे देताना माझा हात धरून हळूच म्हणाली, "डोळ्यांवर पोट भरतोस ना रे बाबा? मग घरी जाताना ते दुकानात ठेवून जातोस का?"

मावशीला कुणाला ना कुणाला टोचल्याशिवाय घास गोड लागत नाही. तिच्याकडून पैसे मात्र मी कमी घेतले.

९ जानेवारी, मंगळवार

यंत्र आलं आणि मी राहिलो!

मालक म्हणाले, "हे बटण दाबल्यावर जे निघतं ते बरोबर आहे का, हे बघायला डोळा लागतोच." पगारही थोडा वाढणार. मिस्त्रीकाका मात्र उद्यापासून घरी. निघताना त्यांनी यंत्राला हात लावून बघितला, म्हशीला लावतात तसा. मला म्हणाले, "नमुना जवळ ठेव रे."

पळतच घरी आलो. ही झोपली होती. आतल्या खोलीत अंधारात पांघरुणाखाली पाठमोरी. हल्ली रोज मी यायच्या आधीच झोपते. ताट झाकून ठेवलेलं असतं. उठवावं वाटलं, पण काय सांगणार? नोकरी जाणार होती हेच हिला माहीत नाही, तर ती राहिली याचा आनंद कसा होणार?

आता सगळं पूर्वीसारखं करता येईल. पण एकदम केलं तर हिच्या लक्षात येईल. म्हणून जसं कमी केलं तसंच, थोडं थोडं, कुणाला कळणार नाही असं वाढवत नेणार. दुधापासून सुरुवात.

१३ जानेवारी, शनिवार

दूध नासलं. बिनपाण्याचं, चांगलं दूध. परवाचंही तसंच पातेल्यात होतं. कोणी प्यायलंच नाही.

हिला विचारावं म्हणून आत गेलो. पाठमोरी झोपली होती. मी अंधारात उभा राहून म्हणालो, "अगं, दूध चांगलं आहे आता." श्वास ऐकू येतो का म्हणून थांबलो. माझाच येत होता.

सकाळी मी अंधारात उठतो, दिवा न लावता आवरतो. तेव्हाही ती तशीच असते. त्याच कुशीवर.

१५ जानेवारी, सोमवार

आज ताट झाकलेलं नव्हतं.

काटा सरकवायला घड्याळापाशी गेलो आणि तेवढ्यात भोंगा झाला. संध्याकाळचा, पाळी सुटल्याचा. घड्याळात बरोबर तीच वेळ होती. सेकंदाचाही फरक नाही. सकाळी घाईत माझ्याकडून काटा मागे आणायचा राहिला होता, म्हणजे ते पुढे असायला हवं होतं. दिवसा कोणीतरी येऊन बरोबर लावलं होतं. त्या कोणालातरी आधीपासून माहीत होतं.

घड्याळाच्या शेजारी आरसा असायचा. तिथे आरसा नव्हता. दारातून येणाऱ्या उरल्या उजेडात आरशाएवढा चौकोन होता, आणि तो पिवळा होता. लिंबाच्या सालीचा पिवळा. मी त्याच्याकडे बघितलं, मग बाकीच्या भिंतीकडे बघितलं, आणि मला कळेना की ही बाकीची भिंत कुणाची आहे.

मग मी आत जाऊन दिवा लावला. खूप दिवसांनी. पांघरुणाखाली उशी होती, आणि गुंडाळलेली सतरंजी. कशावरही सुरकुती नव्हती. शेजारी माझी जागा मात्र चुरगळलेली.

फळीवर एका टोकाला एक भांडं, दुसऱ्या टोकाला एक भांडं.

ही डायरी पहिल्या पानापासून वाचून काढली. ती कोणत्या दिवशी गेली ते सापडत नाही. प्रत्येक दिवशी ती आदल्या दिवसाएवढीच आहे.

१६ जानेवारी, मंगळवार

दुकानात न जाता पुलापलीकडे गेलो. दार मावशीने उघडलं. "आलात? मी म्हटलं होतं, हिरवं पान वाळून पाचोळा होईल तेव्हा येतील." मग आत बघून, "अगं, तुझा उंदीर आलाय."

ती दारात आली. तिथे भरपूर ऊन होतं. ती मला एवढी ठसठशीत दिसली, की मी आधी दुसऱ्याच कुणाला तरी बघतो आहे असं वाटलं. तिच्या पायापाशी सावली होती, काळीभोर. मागे भिंतीवर आमचा आरसा.

"कधी गेलीस?" मी विचारलं.

"तुम्ही सांगा."

मला सांगता येईना.

"मी एकदम नाही गेले," ती म्हणाली. "तुमच्यासारखीच गेले. आज एक वाटी, उद्या एक साडी. रोज वाटायचं, आज विचाराल. म्हणाल, अगं, वाटी कुठे गेली? मग मी त्या वाटीसकट परत आले असते. टिंगीला ठेवलं, तरी तुम्ही दुधाचा हिशोब केलात. शेवटी नुसता स्वयंपाक करून जात होते. उशीला पांघरूण घालून आले, तर तुम्ही उशीशेजारी झोपलात हो!"

"मी तुझ्यासाठीच..." मी यंत्राचं सगळं सांगितलं. नोकरीचं, मालकांच्या 'बघू'चं. तिने ऐकून घेतलं.

"तेव्हा सांगितलं असतंत, तर अर्ध्या बल्बखाली मी गाणी म्हणत बसले असते. मी काय उजेडासाठी रडत होते? मी तीनदा विचारलं. तुम्ही मला माझ्या आईचंच वाक्य ऐकवलंत. शब्दन् शब्द."

"आता नोकरी पक्की आहे. सगळं हळूहळू पूर्वीसारखं..."

"हळूहळू नको," ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. "तुमचं ते हळूहळू मला आता कायमचं नको. एक गोष्ट तरी एकदम करून दाखवा. भिंत रंगवा. होती तशी. मी रविवारी सकाळी येईन. दारातूनच मला कळलं पाहिजे, की काहीतरी बदललंय. कळलं तर बघू."

पुन्हा 'बघू'.

टिंगी आतून बाहुलीला घेऊन आली. माझ्याकडे बघून आईला म्हणाली, "बाबा किती छोटे झाले."

२० जानेवारी, शनिवार

भिंत झाली! एका बैठकीत, संध्याकाळपासून.

रंग दुकानातल्या उरलेल्या डब्यांतून मिसळला. मालकांनी पैसे घेतले नाहीत. यंत्राला हात लावला नाही, हा रंग मी हातानेच मिसळणार होतो. चौकोन हा माझा मूळ नमुना. चौकोनाला मिसळलेल्या रंगाची कागदी पट्टी लावून बघितली, एक थेंब कमी, अर्धा थेंब जास्त, पुन्हा पट्टी. शेवटची पट्टी ठेवली आणि ती चौकोनात नाहीशी झाली. कड कुठे आहे ते मलाही दिसेना. सात वर्षांत एवढा बेमालूम रंग मी जुळवला नव्हता. थोडा कमी पडेल असं वाटलं, म्हणून जवसाचं तेल घालून वाढवला. वाळायला वेळ लागेल, एवढंच.

चौकोनावरूनही ब्रश फिरवला. आता सगळी भिंत एकसारखी आहे. बल्बखाली बसून तिच्याकडे बघतो आहे. लग्नाच्या वेळी होती तशीच.

उद्या ती येणार. टाळी वाजवेल की नाही माहीत नाही. वाजवलीच तर मी काय म्हणायचं, याचा विचार करतो आहे.

२१ जानेवारी, रविवार

ती आली. टिंगीला घेऊन. मी दार सताड उघडून बाजूला उभा राहिलो. ऊन थेट समोरच्या भिंतीवर पडलं.

ती उंबऱ्यात थांबली. डावीकडून उजवीकडे भिंत बघितली. मग माझ्या नखांत गेलेला रंग बघितला नाही, माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि सरळ मनाने विचारलं, "अजून सुरुवात नाही केलीत?"

मी हसलो. मला वाटलं थट्टा करते आहे.

"अहो, मी भिंत रंगवा म्हणाले होते."

"रंगवली की."

ती आत आली. आरसा असायचा तिथे गेली, रोज उभी राहायची त्या जागेवर. आणि भिंतीला पंजा टेकवला. काढला तेव्हा चर्र असा आवाज झाला. तेलाचा रंग अजून चिकट होता. तिने हात उलटा करून बघितला. तळहात भरला होता. मळकट, राखेसारखा पिवळा. उन्हात तो रंग मीही बघितला. मी हा रंग केला होता. बल्बखाली दोन्ही सख्ख्या बहिणी दिसत होत्या.

तिने नजर वर केली. मला वाटलं, आता रागावेल. पण तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. रस्त्यावर आंधळा माणूस चुकीच्या बाजूला वळताना दिसला की माणसं जशी बघतात, तशी ती माझ्याकडे बघत होती.

"पुसायला काही आहे का?"

मी आत गेलो. घरात फडकं नव्हतं. ते कधी गेलं, मला माहीत नाही. मी माझा रुमाल आणेपर्यंत ती पायरी उतरून बाहेर गेली होती. टिंगी तिच्या हाताचा वास घेत होती.

"आई, हा कुठला रंग?"

"आपल्या घरचा," ती म्हणाली.

मी रुमाल पुढे केला, तो तिने घेतला. वळणापाशी थांबून म्हणाली, "आधी तो बल्ब बदला."

"मग येशील?"

"बल्ब बदला. मग तुम्हाला काय दिसतं, ते येऊन मला सांगा. मी विचारणार नाही आता. तुम्ही सांगायचं."

टिंगीने हात हलवला. आईने नाही, तिचा हात भरलेला होता.

२२ जानेवारी, सोमवार

दुकानातून येताना सगळ्यात मोठा बल्ब आणला. स्टुलावर चढून लावला. बटणापाशी थोडा वेळ उभा राहिलो. मागच्या नळाकडून "हं" आल्यासारखं वाटलं. मी उत्तर दिलं नाही.

बटण दाबलं.

भिंत दिसली, राखेच्या रंगाची. माझी सावली तिच्यावर पडली होती, खूप दिवसांनी, आणि ती एकटीच होती. कोपऱ्यात टिंगीच्या बाहुलीचा तुटलेला पाय पडलेला दिसला. फळीवर दोन भांडी आणि त्यांच्यामधली सगळी फळी दिसली. घड्याळ बरोबर होतं. झोपायला अजून कितीतरी वेळ होता.

आरशाच्या जागी, तिने जिथे रंग उचलून नेला तिथे, पाच बोटांचा मूळ पिवळा उरला आहे. त्याच्यावर मी पांढरा कागद लावून ठेवला आहे. रोज उघडून बघणार.

उद्या पुलापलीकडे जाऊन हे सगळं सांगायचं आहे. पहिलं वाक्य लिहून ठेवतो, म्हणजे ऐन वेळी दुसरं काही तोंडातून निघणार नाही: घरात कोणी नाही, हे मला दिसलं.